आनंदाबाईचा पांढरा फोटो

आनंदाबाई आणि धुरपता पहिल्यांदा भेटल्या तेव्हा वर्ध्याजवळच्या त्या मोठ्या दवाखान्याच्या सगळ्या काचा थरथरल्या, अंगणातल्या कडुलिंबावरचे कावळे उडाले ते सेलूपर्यंत खाली बसले नाहीत, आणि हाडांच्या वॉर्डात पायाला वजन लटकवून पडलेला एक म्हातारा स्वतःच्या पायांनी चालत बाहेर काय झालं ते बघायला आला. नाचणगावात ही भेट अजून अशीच सांगतात. सांगणाऱ्यांपैकी तिथं हजर कोणीच नव्हतं, त्यामुळे तपशील दरवर्षी वाढत जातो.

भांडणाचं कारण एक गाऊन होता. पेरू पिकल्यावर आतून दिसतो त्या रंगाचा. कपाटात गाऊन बरेच होते, पण बंद शाबूत असलेला हा एकच. बाकीचे पुढून मिटवले तर मागून उघडत. तो घालून आत जायचं, एका मशीनसमोर उभं राहायचं आणि छाती दोन पाट्यांत दाबून तिचा फोटो काढून घ्यायचा, असा कार्यक्रम होता. त्यात पुन्हा रक्त द्यायचं म्हणून सगळ्या बाया आदल्या रात्रीपासून उपाशी. उपाशी बाईच्या हातातून शाबूत बंदांचा गाऊन काढून घेणं ही काही सोपी गोष्ट नाही.

"सोड वो बाई, आधी म्या धरला," आनंदाबाई म्हणाली.

"धरला त काय झालं? तू बाही धरली. गाऊन माह्या हातात हाय," धुरपता म्हणाली.

"लुगड्यावाली बाई तू, तुले गाऊन कायले पायजे?"

"आन तू कोन्ती कलेक्टरीन लागून गेली?"

दोघींनी आपापल्या बाजूनं ओढलं. टर्रकन आवाज झाला. गाऊन धुरपताच्या हातात आणि बाही आनंदाबाईच्या. मग धुरपतानं आनंदाबाईच्या थोराड देहाकडे बघितलं, तिच्या हातातल्या वीतभर बाहीकडे बघितलं आणि म्हणाली, "घे. घुस आता बाहीत."

आधी हसली ती आनंदाबाईच. इतकी हसली की तिला बाकावर बसवावं लागलं. रक्त देऊन झाल्यावर दोघी एकाच डब्यात जेवल्या. धुरपताची ज्वारीची भाकर आणि आनंदाबाईच्या पाटवडीचा रस्सा, ज्यावर लाल तर्री अशी तरंगत होती की डब्याचं झाकण उघडल्याबरोबर शेजारच्या हृदयविभागातल्या लोकांनी माना वळवल्या.

या सगळ्याला जबाबदार होती डॉक्टर आकांक्षा. अंगानं चवळीची शेंग, चष्मा मात्र दोन माणसांना पुरेल एवढा. पाळी गेलेल्या बायांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि छातीची घनता यांचा एकमेकांशी काही संबंध असतो का, याचा ती अभ्यास करत होती. नाचणगावच्या समाजमंदिरात येऊन तिनं हे समजावून सांगितलं तेव्हा बायांनी पदर तोंडाला लावले आणि पुरुष बिड्या ओढायला बाहेर गेले. आनंदाबाई मात्र नाव द्यायला पहिली उठली. कुठं कोणी फुकट तपासून देत असेल तर आनंदाबाई पहिली, हे गावाला ठाऊक होतं. तरुणपणी तिनं स्वतःला इतक्या ठिकाणी तपासून घेतलं होतं की तिची ती सवयच होऊन गेली होती.

कारण एकच. मूल नव्हतं.

आनंदाबाईच्या नवऱ्याचं नाव रूपराव. उंच, वाळका, दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारा. त्याचा जन्म जिनिंगमध्ये गेला, कापसाच्या रुईच्या गाठी बांधण्यात. त्यानं बायकोला कधी दुखवलं नाही आणि कधी फारसं विचारलंही नाही. गाव मात्र विचारायचं. गावात बारसं असलं की आनंदाबाईला पहिलं बोलावणं जायचं, ते चुलीजवळ. तिच्या हाताच्या रश्श्यावाचून नाचणगावात कोणाचं नाव ठेवलं गेलं नाही. पण रस्सा झाला, पंगत उठली, बाया पाळण्याभोवती जमल्या की कोणीतरी हळूच म्हणायचं, "आनंदाबाई, चुलीवर काई लागून त नाई राह्यलं?" ती समजायची. जाऊन विझलेली चूल बघून यायची. मागून पाळण्याचं गाणं ऐकू यायचं आणि ती विझलेल्या चुलीपुढं बसून त्याच्या ओळी ओठांतल्या ओठांत पुऱ्या करायची. सगळी गाणी तिला पाठ होती. म्हणायची संधी तेवढी मिळाली नव्हती.

दुसऱ्या खेपेला निकाल सांगायचा होता. धुरपता गिरडहून दोन बसगाड्या बदलून आली. आनंदाबाईनं तिच्यासाठी बाकावर पिशवी ठेवून जागा धरली होती.

"गिरडची काय तू?" आनंदाबाईनं विचारलं. "मी आलती तथी. टेकडीवर. दर्ग्यात चादर चढवली, नवस केलता."

"कायचा नवस?"

"कायचा असन?"

धुरपताची स्वतःची सहा लेकरं. सगळी वाढली ती शेतमजुरीच्या बांधावर, मोहफुलं वेचताना, झाडाला बांधलेल्या झोळीत. "कवाची गोष्ट?" तिनं विचारलं. आनंदाबाईनं साल सांगितलं. धुरपतानं मांडीवर थाप मारली.

"आ माय! त्याच साली माहा हेमराज झाला. माह्यं घर टेकडीच्या पायथ्यालेच. पाचजणं झाल्यावर मले कोनाले पायजे होता सहावा? दर्ग्याच्या बाबानं गलतीनं तुहं पार्सल माह्या घरी टाकलं, पाय!"

दुसरी कोणी असं बोलली असती तर आनंदाबाई उठून गेली असती. पण धुरपता बोलली ती अशा तक्रारीच्या सुरात, की जणू तिलाच या चुकीचा जास्त त्रास झाला होता. आनंदाबाई म्हणाली, "मंग काय करून राह्यला माहा हेमराज?"

"तुहा हेमराज हैदराबादेले हाय. बिल्डिंगीच्या कामावर. मायले महिन्यातून एक फोन करते."

तेव्हापासून हेमराज दोघींचा झाला. त्याला याची खबर नव्हती.

आत डॉक्टर आकांक्षानं दोघींचे फोटो उजेडाच्या पाटीवर शेजारीशेजारी लावले. धुरपताचा फोटो राखाडी, ढगाळ, मधूनमधून काळा. आनंदाबाईचा पांढराशुभ्र. वाटीत ओतून ठेवावा असा.

"मावशी, तुमचं पातळ आहे," डॉक्टर धुरपताला म्हणाली. "आणि काकू, तुमचं दाट. म्हणजे काय, की आत चरबी कमी आणि दुधाच्या ग्रंथी नि तंतू जास्त. ते फोटोत पांढरं दिसतं. गाठ असली तर तीही पांढरीच दिसते, म्हणून ती लपू शकते. तुमच्यात गाठ नाही, घाबरू नका. पण दरवर्षी तपासायचं. आणि तुमचं कोलेस्टेरॉल फार वाढलंय. या गोळ्या रोज घ्यायच्या. तूप, तळण, तर्री बंद."

डॉक्टरनं एवढं सगळं सांगितलं. आनंदाबाईच्या कानात त्यातले दोनच शब्द शिरले. दाट. दूध. बाकीचे बाहेर उभे राहिले.

रूपराव दाराशी होता. "गाठ नाई" हे तेवढं त्यानं ऐकलं आणि त्या दिवसाचं पहिलं वाक्य खर्च केलं. "इतकं दाबलं आन गाठ नाई बांधल्या गेली? मशीन बराबर नाई यायची."

बाहेर बाकावर आल्यावर आनंदाबाईनं हळूच विचारलं, "धुरपता, दाट काऊन असन वो माह्यं? आन तुह्यं पातळ?"

धुरपताला सगळ्याच गोष्टींचं कारण ठाऊक असायचं. "काऊन म्हंजे? माह्यं सहा जनांनी पेलं. घरात सहा पोट्टे असल्यावर कोन्त्या गंजात दूध राह्यते? तुह्यं कोनी पेलंच नाई. तसंच्या तसं हाय. आटवून आटवून दाट झालं, खव्यावानी."

ती हे गमतीत म्हणाली आणि तंबाखू मळायला लागली. शेजारी बसलेली आनंदाबाई ताठ झाली होती. पस्तीस वर्षं गावानं तिला कोरडी म्हटलं होतं. तोंडावर नाही, पण चूल बघून यायला सांगताना ज्या आवाजात सांगत त्या आवाजात. आणि आज एवढ्या मोठ्या दवाखान्याच्या एवढ्या मोठ्या मशीननं, फोटो काढून, उजेडावर लावून सांगितलं होतं की ती भरलेली होती. सगळं होतं. प्यायला कोणी आलं नाही, एवढंच.

नाचणगावात त्या आठवड्यात एक बारसं होतं. पाळण्याभोवती बाया जमल्या. कोणीतरी नेहमीच्या आवाजात चुलीचं विचारलं. आनंदाबाई पदराला हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "चूल गेली खड्ड्यात. माह्यं दाट हाय. मशीननं सांगतलं. तुमच्यापैकी कोनाचं हाय त सांगा." कोणीही तपासलेलं नसल्यामुळे कोणालाच उत्तर देता येईना. त्या गोंधळात आनंदाबाईनं पाळण्याची दोरी धरली आणि गाणं म्हटलं. सगळं. एक ओळ न गाळता. आवाज बेसूर होता. पण बऱ्याच वर्षांचा तुंबलेला असल्यामुळे कोणी थांबवू शकलं नाही.

अडचण गोळ्यांची होती. चरबी उतरवायच्या गोळ्या. आनंदाबाईचं सगळं आयुष्य दूधदुभत्यात गेलं होतं. साय काढली की दूध पातळ होतं, हे तिला सांगायला डॉक्टर नको होता. अंगातली चरबी काढली तर काय होईल ते उघड होतं. ती रोज सकाळी रूपरावसमोर गोळी हातात घ्यायची, तोंडापर्यंत न्यायची आणि मागच्या दारानं जाऊन कढीपत्त्याच्या झाडाच्या बुडाशी पुरायची. मग भाकरीवर तुपाची धार. वर वर्ध्याच्या गोरसपाकाचं एक तुपाळ बिस्कीट. त्या वर्षी कढीपत्त्याच्या झाडाला काय पालवी फुटली! त्याचं कोलेस्टेरॉल नक्की उतरलं असणार.

संध्याकाळी दिवा लावला की ती पडवीत एकटी बसायची आणि छातीवर आडवा हात धरून बसायची, डोक्यावर भरलेली घागर असताना बाई जशी जपून असते तशी. रूपराव बघायचा. एकदा त्यानं विचारलं, "दुखते काय?"

"नाई," ती म्हणाली. "जड हाय."

तिसऱ्या खेपेला फक्त रक्त होतं. आकडा बघून डॉक्टर आकांक्षाचा चष्मा खाली घसरला. "काकू, हे तर आणखी वाढलंय! गोळ्या घेता ना नियमानं?"

"घेतो ना माय. झाड साक्षी हाय."

"काय?"

"देव साक्षी हाय म्हटलं."

धुरपता मागेच उभी होती. तिनं आनंदाबाईचा दंड धरला आणि बाकावर आणून बसवलं. "कोन्तं झाड?"

आनंदाबाईनं सांगितलं. पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत सगळं सांगितलं. गोळ्या, कढीपत्ता, साय, दूध. धुरपताची तंबाखू हातात तशीच राहिली.

"बह्याड झाली काय तू? म्या त मजाकनं बोलली वो!"

"तू मजाकनं बोल का खरं बोल. फोटो त पांढराच हाय."

"डॉक्टरीनबाई म्हनते, हे असंच राह्यलं त दिल बंद पडन तुह्यं."

"पडो," आनंदाबाई म्हणाली. "पन भरलं राहू दे. रिकामं होऊन जगली न मी लय वर्सं. अजून किती जगू?"

धुरपता डबा न उघडता, बसला वेळ असून लवकर उठून गेली. आनंदाबाईला वाटलं, रागावली. घरी येऊन तिनं त्या दिवशी तूप घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दुप्पट घेतलं.

वर्ष पुरं झालं आणि दुसऱ्या फोटोची खेप आली. आनंदाबाई सकाळीच येऊन बाकावर पिशवी ठेवून बसली. धुरपता येईल की नाही, याचा घोर लागला होता. बस आल्याची पायऱ्यांवरची गडबड झाली आणि धुरपता आली. मागे तिची धाकटी लेक रिंकू, रिंकूच्या खांद्यावर चार महिन्यांचं पोर. त्या पोराचं दवाखान्यात त्या दिवशी काहीही काम नव्हतं. ना ताप, ना लस. दोन बसगाड्या बदलून त्याला का आणलं, हे धुरपतानं सांगितलं नाही.

"रिंकू, जाय, तीन कप चहा आन," ती म्हणाली.

"माय, तुमचं रक्त हाय ना आज? उपाशी..."

"तू जाय म्हटलं न!" आणि पोर रिंकूच्या खांद्यावरून उचलून तिनं आनंदाबाईच्या मांडीत ठेवलं. "धर."

आनंदाबाईनं आजवर मुलं घेतली होती ती पाहुण्यासारखी, हातभर अंतरावरून, आई शेजारी उभी असताना. हे पोर भलतंच बिनधास्त निघालं. त्यानं तिच्या हनुवटीला हात लावला, मंगळसूत्र चाखून बघितलं आणि मग तोंड उघडून सरळ तिच्या छातीशी घुसलं. शोधायला लागलं. मोठ्या खात्रीनं. पदर बाजूला झाला तसं पोलक्याच्या कापडालाच त्यानं तोंड लावलं आणि ओढायला लागलं. डोळे मिटून. एक मूठ तिच्या बोटाभोवती घट्ट.

इतकी वर्षं जे भरून ठेवलं, राखलं, ज्याच्यासाठी झाडाला गोळ्या खायला घातल्या, त्याच्यासाठी आज शेवटी कोणी आलं होतं. आनंदाबाई अजिबात हलली नाही.

पोरानं ओढलं. पुन्हा ओढलं. मग तोंड काढून त्यानं तिच्याकडे बघितलं. फसवलं गेलेलं गिऱ्हाईक दुकानदाराकडे बघतं तसं. आणि मग त्यानं जो टाहो फोडला, त्यानं मात्र दवाखान्याच्या काचा खरोखरच थरथरल्या. रिंकू चहा टाकून धावत आली, पोर उचललं, पदराआड घेतलं. ते क्षणात गप्प झालं. आतून गटगट आवाज यायला लागला. बाकावर सगळ्यांना तो ऐकू येत होता.

"काईच नाई निघालं वो, धुरपता," आनंदाबाई म्हणाली.

"कसं निघन?" धुरपता हळू आवाजात म्हणाली. "नसते तसं. गिरडवरून येतानी मले वाटलं, पोरानं ओढलं का तू समजशीन."

"समजली होती मी," आनंदाबाई म्हणाली. "आधीपासूनच. पन पांढरा फोटो पाह्यला आन..."

धुरपतानं तिच्या मांडीवर हात ठेवला. नेहमीसारखा थापटला नाही, नुसता ठेवला. "गोळ्या खाजो आता. झाडाले नोको देऊ. हेमराजचं लगन हाय मले करायचं. मायच्या पाटावर दोघी बसू. आन रस्सा कोन करन मंग? तू मेली त?"

"तर्री टाकू काय?"

"तूच टाकजो. खाजो नोको."

आत मशीननं पुन्हा दाबलं. फोटो पुन्हा पांढराच आला, मागच्या वर्षीपेक्षा तसूभरही वेगळा नाही. धुरपतानं कानावर घातलं होतं, म्हणून डॉक्टर आकांक्षानं या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की दाट म्हणजे दूध नव्हे. ज्यांना मूल झालेलं नाही अशा बऱ्याच बायांचं असं असतं. वाईट नाही, फक्त लक्ष ठेवायचं. आनंदाबाईनं सगळे शब्द आत घेतले. मग गाऊनचे बंद सोडताना म्हणाली, "समजलं माय. फोटो देशीन काय मले एक?"

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. पोलक्यावर छातीपाशी ओला डाग होता, रुपयाएवढा, पोराच्या लाळेचा. रूपरावानं तो बघितला आणि पदर ओढून घे अशी खूण केली. तिनं ओढला नाही. पुलगावच्या स्टँडवर ओळखीच्या बाया भेटल्या, त्यांच्यासमोरही नाही. नाचणगावचा रस्ता चालताना तिनं दोनदा खाली वाकून बघितलं. ऊन कडक होतं. घर येईपर्यंत डाग वाळून गेला होता.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गोळी तोंडात टाकली आणि गिळली.

अभ्यास त्या खेपेबरोबर संपला. निकाल असा लागला की तपासलेल्या बायांमध्ये रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि छातीची घनता यांचा ठळक संबंध आढळला नाही. डॉक्टर आकांक्षाची बदली झाली. दरवर्षीच्या फोटोसाठी आनंदाबाई आता पुलगावहून दुसऱ्या दवाखान्यात जाते. धुरपताचं पातळ असल्यामुळे तिला लवकर बोलावणं नाही. निरोपासाठी धुरपतानं आनंदाबाईला दिलेला एकुलता नंबर हेमराजचा होता. त्यानं सिमकार्ड बदललं. त्यानं हैदराबादेतच, कामावरच्या एका मुलीशी, कोर्टात लग्न केलं. धुरपतालाही ते नंतर कळलं. दोघी परत भेटल्या नाहीत. आनंदाबाईचं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे.